कानावर पडलेलं

२०२१च्या जुलैत आमच्या टीममध्ये एक मुलगा रुजू झाला. रुजू झाला म्हणजे लातूरला त्याच्या घरी कुरिअरने लॅपटॉप पोचला आणि सकाळी साडेनऊच्या कॉलमध्ये एक चौकोन वाढला. मुलगा हुशार होता, कामाला उरक होता. तिसऱ्या आठवड्यात त्याला एक साधंसं काम दिलं. रोज रात्री दोन वाजता आमच्याकडे एक हिशेब चालतो, त्यातल्या नोंदी त्या दिवशीच्या अहवालात दिसत नव्हत्या. का दिसत नाहीत ते शोधायचं. सोमवारी तो कामाला लागला. मंगळवारच्या कॉलमध्ये म्हणाला, "सुरू आहे, मॅम." बुधवारीही तेच. गुरुवारी मीच फोन लावला, त्याला स्क्रीन दाखवायला सांगितली, आणि मला पाच मिनिटंही लागली नाहीत. आमच्या सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा त्या घड्याळात आदल्या दिवशीचे साडेआठ असतात. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत जे जे काही नोंदलं जातं त्याच्यावर कालची तारीख पडते. ते आजच्या अहवालात दिसणार कुठून?

ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ती कुठल्या कागदावर लिहिलेली नाही, कुणी कुणाला बसवून शिकवलेलीही नाही. मला कधी कळली हे मलाही सांगता येणार नाही.

मी त्याला म्हटलं, "अरे, तीन दिवस गप्प का बसलास? विचारायचं ना." तो म्हणाला, "तुमचा हिरवा ठिपका दिसत होता, पण कॉलवर असाल असं वाटलं. मेसेज दोनदा टाइप केला होता." टाइप करून खोडला होता. मला त्याच्या बुजरेपणाचा वैताग आला. पुढे कित्येक महिने मी येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला एकच पाठ देत राहिले: विचारा, लाजू नका, कधीही विचारा. माझं निदान चुकलं होतं हे लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

कारण असं बघा, त्या मुलाने भीड सोडून विचारलं असतं तरी काय विचारलं असतं? "मॅम, सर्व्हरचं घड्याळ कुठल्या वेळेवर आहे?" हा प्रश्न ज्याला सुचला त्याचं काम तिथेच झालं. विचारायला आधी आपल्याला काय माहीत नाही ते माहीत असावं लागतं. नवख्या माणसाची अडचण नेमकी तिथेच असते. त्याच्याकडे प्रश्नच नसतो, फक्त अडलेलं काम असतं.

मग हे आम्हाला कळलं कसं? मराठीत त्याला सरळ शब्द आहे: कानावर पडलं. ऐकणं ही माझी क्रिया आहे. मी ठरवते, लक्ष देते, ऐकते. कानावर पडण्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. कर्ता ती गोष्ट आहे, ती येऊन पडते. मी फक्त पडण्याच्या जागी हजर असते. घरून काम की ऑफिसातून की थोडं इथून थोडं तिथून, या गेल्या पाच-सहा वर्षांच्या वादात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे हजर असणं. बाकीचे मुद्दे खोटे नाहीत. पण हा एक नीट उलगडला तर ते आपापल्या जागी बसतात.

मी कामाला लागले २००१ मध्ये, पुण्यात कर्वे रस्त्याच्या एका गल्लीतल्या छोट्या कंपनीत. तळमजल्याचा फ्लॅट, त्याच्या हॉलमध्ये सहा टेबलं. माझ्या पाठीमागे एक ज्येष्ठ सहकारी बसायचे. त्यांनी मला समोर बसवून शिकवलं असं चार वर्षांत चारदाही घडलं नसेल. पण त्यांचा फोन वाजला की खोलीभर ऐकू यायचा. गिऱ्हाईक पलीकडून तापलेलं असायचं आणि हे शांतपणे म्हणायचे, "उद्या दुपारी चारला मी तुम्हाला फोन करून कुठवर आलंय ते सांगतो." उद्या होईल, असं ते कधीही म्हणाले नाहीत. महिन्याभराने माझ्यावर तशी वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं, आणि ते मी शिकले आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणखी एक. काही बंद पडलं की आम्हा पोरांचा हात आधी मशीन पुन्हा सुरू करायच्या बटणाकडे जायचा. पाठीमागून आवाज यायचा, माझ्यासाठी नव्हे, शेजारच्या कुणासाठी तरी: "थांब, आधी लॉग काढून ठेव. सुरू केलंस की पुरावा गेला." हे वाक्य मी आजतागायत वापरते.

आपल्याकडे ही रीत जुनीच होती. उमेदवारी हा शब्द आता निवडणुकीने पळवला; पण पूर्वी कचेरीत बिनपगारी बसून काम शिकणाऱ्याला उमेदवार म्हणत. तो बसायचा, कागद पुढे सरकवायचा, शाई भरायचा, आणि कारकून काय बोलतात, अर्ज कसा फिरवतात, कुणाला उद्या या म्हणतात आणि कुणाला बसवून घेतात, हे त्याच्या कानांवर आणि डोळ्यांवर पडत राहायचं. अभ्यासक्रम म्हणावा असं त्यात काही नव्हतं. वशिला, पिळवणूक, जातीचे दरवाजे, सगळं त्यात होतं आणि त्याबद्दल मला कढ यायचं कारण नाही. पण काम शिकण्याची एक जागा असते आणि ती जाणत्याच्या शेजारी असते, एवढं त्या रीतीला ठाऊक होतं.

आता कुणी म्हणेल, घरून काम ही कोरोनाने आणलेली नवलाई. तसं काही नाही. १९५९च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभी राहिली. तिची पद्धत बघा. सकाळी सभासद बहिणी शाखेवर जातात, आदल्या दिवशी घरी लाटलेले पापड जमा करतात, ते तपासले जातात, पैसे मिळतात आणि मळलेलं पीठ घेऊन त्या घरी येतात. लाटणं घरी, मळणं शाखेत. कारण चव सगळीकडे एक हवी, आणि ती मळण्यात ठरते. कुठला भाग एकत्र व्हायला हवा आणि कुठला पांगवला तर चालतो, याचा निवाडा कामाच्या पोटात शिरून केलेला आहे. आपण ज्याला हायब्रिड म्हणतो आणि त्यावर परिसंवाद भरवतो, ते तिथे साठ वर्षांहून जास्त काळ रोज सकाळी चाललेलं आहे.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांचंही तेच. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू, दोरा घरी आणायचा, हजाराच्या हिशेबाने विड्या वळायच्या, नेऊन द्यायच्या. तिथे पिळवणुकीची बाजू फार मोठी आहे; मोजणीत नापास ठरवलेल्या विड्या, हजारामागची तुटपुंजी मजुरी, तंबाखूच्या धुळीने घरात सुरू होणारा खोकला. घरून काम म्हणजे सुख, असं ज्याला वाटतं त्याने त्या घरांकडे एकदा बघावं. पण माझा मुद्दा दुसरा आहे. तिथली पोर विडी वळायला शिकली कुठे? आईच्या मांडीला मांडी लावून, सुपाशेजारी. कुणी तिला शिकवायला बसलं नाही. म्हणजे घर विरुद्ध ऑफिस हा भेदच मुळात वरवरचा. सोलापूरच्या त्या घरात जाणती शेजारी होती म्हणून घरातही शिकणं झालं. लातूरच्या त्या मुलाच्या घरी आई होती, वडील होते, जेवण गरम होतं, पण त्याच्या कामातलं जाणतं माणूस कुणी नव्हतं.

चीनमध्ये सीट्रिप नावाच्या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१० ते २०११च्या सुमाराला एक प्रयोग झाला. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम त्यात होते. ज्यांनी घरून काम करायची तयारी दाखवली त्यांतले ज्यांची जन्मतारीख सम ते घरी, विषम ते ऑफिसात. नऊ महिन्यांनी दिसलं ते असं की घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. घरून कामाची बाजू घेणारा प्रत्येक जण हा प्रयोग सांगतो, आणि सांगावाच. मात्र त्यातल्या दोन-तीन बारीक गोष्टी सांगायच्या राहतात. घरी जायला मिळण्याची एक अट होती: कंपनीत किमान सहा महिने झालेले हवेत. म्हणजे नवख्याला त्यात घेतलंच नव्हतं. काम असं होतं की एकेक कॉल मोजता येतो, पापडासारखा. शिवाय ती माणसंही आठवड्यातला एक दिवस ऑफिसात येतच होती. आणि प्रयोग संपल्यावर, हवं ते निवडा म्हटल्यावर, घरी बसलेल्यांतले जवळजवळ निम्मे परत ऑफिसात आले. एकटं वाटतं म्हणाले. तेवढंच काम करूनही घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली, हेही त्यातच आहे. साहेबाच्या कानावर त्यांचं नाव पडत नव्हतं, एवढाच मी त्याचा अर्थ लावते.

म्हणून मी ऑफिसची वकिली करते आहे असं कुणी समजू नये. मी वडगावला राहते, सिंहगड रस्त्यावर. ऑफिस हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यात. अंतर वीस-बावीस किलोमीटर. वारजे, चांदणी चौक, बावधन, बाणेर, मग वाकडचा भूमकर चौक. तिथे बस उभी राहिली की माणूस पुस्तक वाचून संपवतो. सकाळी सव्वा तास, संध्याकाळी दीड, पाऊस असला तर दोनाचीही खात्री नाही. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात कामाला जाणाऱ्या लाखांतल्या प्रत्येकाकडे अशी एक हकिगत आहे. दिवसाचे तीन तास म्हणजे पाच दिवसांचे पंधरा. हे पंधरा तास मला २०२०च्या मार्चनंतर परत मिळाले, आणि त्यांत मी काय काय केलं ते सांगायला वेगळा लेख लागेल. माझ्या मुलीची दहावी मी पाहिली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन रजा न घेता पार पडलं. चाळिशीनंतर पहिल्यांदा मी सलग आठ महिने रोज चालायला गेले. ज्यांनी हे भोगलं त्यांना कुणी संस्कृती, सहकार्य, बाँडिंग असले शब्द ऐकवले की ते हसतात, आणि त्यांचं हसणं रास्त आहे. १९७३ मध्ये जॅक निलेस या अमेरिकन अभियंत्याने दुरून काम करण्याच्या कल्पनेला नाव दिलं तेव्हाही त्याच्यापुढे प्रश्न रस्त्यांचा आणि पेट्रोलचा होता. पुढे आलेल्या त्याच्या पुस्तकाचा विषय प्रवासाऐवजी तारेवरून काम पाठवता येईल का हा होता. आपण अजून त्याच चौकात उभे आहोत. रस्ता वाईट म्हणून घर बरं, एवढ्यावर आपला वाद येऊन थांबतो.

घरून काम सगळ्यांना सारखं लाभलं असंही नाही. माझ्या घरी मला खोली आहे, दार आहे. धायरीतल्या दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायको दोघं कॉलवर, मूल शाळेच्या कॉलवर आणि कुकरच्या शिट्ट्या, असंही मी पाहिलं आहे. बाई घरी आहे म्हटल्यावर दाराची बेल तिचीच, गॅसवाला तिचाच, पाहुणे तिचेच. ऑफिसात निदान कुणी तिला चहा टाकायला सांगत नव्हतं.

आणि ऑफिसात तरी सगळ्यांच्या कानावर सगळं कुठे पडत होतं? खरी बोलणी खाली टपरीवर व्हायची. साडेचारला चार पुरुष सिगरेटला उतरायचे आणि वर येईपर्यंत कुणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं ते ठरलेलं असायचं. आम्ही बायका टपरीवर जात नव्हतो. सात वर्षं मला वाटायचं की माझंच काहीतरी कमी पडतंय. शेजारी बसण्याचा फायदा शेजार कुणाचा यावर अवलंबून असतो, एवढं मान्य करूनच मी पुढे जाते.

आता हायब्रिड. वाटतं असं की हा मधला मार्ग, दोन्हीकडचं चांगलं घेणारा. प्रत्यक्षात मी काय पाहिलं ते सांगते. आम्हाला फर्मान आलं: आठवड्यातले कुठलेही तीन दिवस या. कार्ड टेकवलं की हजेरी. जागा ठरलेली नाही. अॅपवर आदल्या रात्री टेबल राखायचं. एका बुधवारी मी पावणेदोन तास प्रवास करून पोचले. माझं टेबल चौथ्या मजल्यावर, टीममधले दोघं सहाव्यावर, एक जण घरी, दोघं बंगळुरूला. अकरा वाजता मीटिंग. एक जण घरी म्हणजे मीटिंग कॉलवरच. मग आम्ही सगळ्यांनी हेडफोन लावले आणि एकाच इमारतीत बसून एकमेकांशी लॅपटॉपवर बोललो. "माझा आवाज येतोय का?" असं सहाव्या मजल्यावरून चौथ्या मजल्याला विचारलं गेलं. दुपारी डबा खाताना शेजारी बसलेली मुलगी कोण, कुठल्या प्रोजेक्टवर, मला ठाऊक नव्हतं. तिच्याही कानात काहीतरी चालू होतं. संध्याकाळी परत दोन तास. त्या दिवशी प्रवासाची पूर्ण किंमत मोजली आणि ज्यासाठी ती मोजायची ते पदरात पडलंच नाही.

ही माझ्या एकटीची रड नाही. अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅले या अर्थशास्त्रज्ञांनी केला. काही टीम एकाच इमारतीत बसायच्या, काही दोन इमारतींत विभागलेल्या. एकत्र बसणाऱ्यांच्या कोडवर सहकाऱ्यांचे शेरे, दुरुस्त्या जास्त यायच्या, आणि त्याचा लाभ सगळ्यात जास्त नव्यांना आणि तरुणांना व्हायचा. ऑफिसं बंद झाली तसा हा फरक बराचसा विरला. मला त्यातलं सगळ्यात बोलकं वाटलं ते असं: टीममधला एक जण जरी दुसऱ्या इमारतीत असला, तरी एकत्र बसलेल्या बाकीच्यांमधलीही देवाणघेवाण कमी व्हायची. एकासाठी सगळे कॉलवर जातात, आणि कॉल संपला की खिडकी बंद. मीटिंगहून उठून जाग्यावर येताना जे बोलणं होतं ते होतच नाही.

ब्लूम यांनी पुढे त्याच चिनी कंपनीत २०२१-२२ मध्ये सहा महिने आणखी एक प्रयोग केला. या वेळी इंजिनिअर, मार्केटिंग, हिशेब अशा विभागांतली १,६१२ माणसं होती. बुधवार आणि शुक्रवार घरी, बाकी तीन दिवस ऑफिसात. सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, कामाच्या मूल्यमापनात आणि बढतीत फरक दिसला नाही. हायब्रिडच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. फक्त वाचताना एक ध्यानात ठेवायला हवं: दिवस ठरलेले होते. 'कुठलेही तीन' नव्हते.

आपल्याकडे टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत कुठल्याही वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त माणसं ऑफिसात असण्याची गरज राहणार नाही. २०२३च्या ऑक्टोबरपासून त्याच कंपनीने बहुतेकांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं. एवढी मोठी कंपनी तीन वर्षांत या टोकाहून त्या टोकाला का गेली, याची कारणं ज्याला जी आवडतात ती तो सांगतो: रिकाम्या इमारती, मूनलायटिंगची, म्हणजे चोरून दुसरी नोकरी करण्याची, भीती, साहेबांची नजर. मला वाटतं, किती दिवस या प्रश्नात सगळेच अडकले. टक्के काय नि दिवस काय, दोन्ही मोजायला सोपे. कोण कुणाच्या शेजारी बसलंय हे कार्ड टेकवून मोजता येत नाही.

पूर्ण दूर राहून उत्तम काम होऊ शकतं, याची सगळ्यात मोठी साक्ष लिनक्स आहे. १९९१ पासून जगभर विखुरलेली, पुष्कळदा एकमेकांना न भेटलेली माणसं ते घडवताहेत. मग तिथला नवखा शिकतो कसा? तिथली बोलणी उघड्यावर आणि लिहून होतात. दोन जाणते एखाद्या बदलावर भांडतात ते कुणालाही वाचता येतं, वीस वर्षांनीही वाचता येतं. कानावर पडण्याऐवजी तिथे ते नजरेला पडतं. गिटलॅब नावाची कंपनी पूर्णपणे दुरून चालते, आणि तिने आपली कामाची रीत हजारो पानांत लिहून जगापुढे ठेवली आहे. म्हणजे अंतर हा मूळ रोग म्हणता येत नाही. बोलणं चार भिंतींत व्हावं की सगळ्यांना ऐकू जाईल असं व्हावं, यावर सगळं ठरतं.

आणि इथे आपली खरी पंचाईत आहे. आपल्याला लिहायची सवय नाही. मेसेज आला, "एक मिनिट कॉल करू?" म्हणजे समजावं की आता वीस मिनिटं बोलणं होणार आणि मागे काही उरणार नाही. लिहिलेलं अंगाशी येतं हा धडा आपण सरकारी कचेरीतून उचलला आणि काचेच्या इमारतीत घेऊन आलो. नव्याने ग्रूपवर सगळ्यांसमोर प्रश्न टाकला तर कुणीतरी त्याला वेगळं बोलावून सांगतं, "असं ग्रूपवर नको विचारूस, मला पिंग कर." हे मीही केलेलं आहे. पोराची लाज राखावी म्हणून केलं. पण त्यामुळे उत्तर एकालाच मिळालं, आणि तोच प्रश्न पुढच्या वर्षी दुसऱ्या पोराने तीन दिवस घालवून सोडवला.

तेव्हा हिशेब मांडायचा तर तो मला असा दिसतो. माझ्यासारख्या, वीसहून जास्त वर्षं घासलेल्या माणसाला घर पुरतं. माझ्या कानावर पडायचं ते पडून झालं आहे; मला आता शांतता हवी, दार हवं, पंधरा तास हवेत. ऑफिसची गरज त्या लातूरच्या मुलाला होती. पण तो एकटा ऑफिसात जाऊन काय करणार? रिकाम्या टेबलांचं काय कानावर पडणार? त्याला ऑफिस हवं म्हणजे तिथे मी हवी. गरज त्याची आणि भूमकर चौकातली खोटी माझी. वर सांगितलेल्या त्या इंजिनिअरांच्या अभ्यासातही हेच निघालं: एकत्र बसल्यावर जुन्यांचं स्वतःचं काम कमी होतं, कारण त्यांचा वेळ नव्यांच्या कामावर जातो. हा खर्च कुठल्याच कंपनीच्या तक्त्यात नसतो. वर्षाअखेरीला मला विचारतात तू काय केलंस. तुझ्या पाठीमागे बसून कोण काय शिकलं, हे विचारत नाहीत. कर्वे रस्त्यावरच्या माझ्या त्या सहकाऱ्यांनाही कुणी विचारलं नसणार. ते रोज वाकडेवाडीहून स्कूटरवर यायचे.

मी साहेबांकडे जाऊन भांडले. तीन दिवसांचे दोन करा, पण दोन्ही टीमने मिळून ठरवलेले, सगळ्यांना सारखे. टेबलं एका ओळीत, रोज तीच. महिनाभर ईमेल झाल्या, कारण अॅपमध्ये तशी सोय नव्हती. शेवटी प्रशासनातल्या एका बाईंनी सात टेबलांवर कागद चिकटवले आणि प्रश्न सुटला. मंगळवार आणि गुरुवार. त्या दिवशी मी एकटीने करायचं काम, म्हणजे कोड वाचणं, अहवाल लिहिणं, हातात घेत नाही. ते घरी जास्त चांगलं होतं. त्या दिवशी मी फोन जागेवरच घेते, मोठ्याने बोलते, काही अडलं की तोंडाने पुटपुटते. सुरुवातीला विचित्र वाटलं. घरी राहण्याच्या दिवशी काही विचारणं-सांगणं झालं तर ते ग्रूपवर, सगळ्यांसमोर, मराठी-इंग्रजी कसंही, पण लिहून. याने सगळं सुरळीत झालं असं नाही. बंगळुरूचे दोघं अजून तुटलेलेच आहेत, आणि पावसाळ्यात गुरुवार हमखास बुडतो.

लातूरचा मुलगा आता वाकडला तिघांत खोली करून राहतो. नव्या आलेल्या मुलीच्या शेजारचं टेबल त्याचं आहे.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे, पंधरा-वीस वर्षं काम केलेले आणि घरी सुखाने रुळलेले बरेच असतील. तुम्हाला रोज या असं मी म्हणत नाही. मीही येणार नाही. पण ज्या दोन दिवशी याल, त्या दिवशी आपल्या पोरांच्या ओळीत बसा, आणि हेडफोन बॅगेतच राहू द्या.